चिंच, एरंडेल आणि मधली कळ

नव्वदच्या दशकात बंगळुरात मोठमोठी कामं झाली असं लोक सांगतात. व्हाइटफील्डच्या माळावर काचेच्या इमारती उठल्या, रस्त्यांवर पूल चढले. झालं असेल. पण त्याच दशकात बसवनगुडीतल्या आमच्या न्हाणीत एका बाईनं चिंचेचा गोळा आणि एरंडेलाची बाटली एवढ्या शस्त्रांनिशी शॉवरची अडकलेली कळ सोडवली, त्याची नोंद कुठंच नाही. म्हणून ती इथं करते आहे. ती बाई मी. ही गोष्ट सांगताना मी मीठमसाला लावते असं आमचे हे म्हणतात. लावते. मीठ तर त्यात खरोखरच होतं, ते पुढं येईलच.

आमचं घराणं म्हणे चारशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून या मुलखात आलं. घोडी संपली, माणसं राहिली. कुणी दुकानं थाटली, कुणी कचेऱ्यांत चिकटले. घरात बोलतो ते मराठीच, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं की पुण्याहून आलेला पाहुणा दोन वाक्यं ऐकतो आणि घाम पुसतो. सासूबाईंना सगळं घर अक्का म्हणायचं, त्यांचे पोटचे दोघे मुलगेसुद्धा. मी थोरली सून. धाकटी जाऊ आणि दीर मल्लेश्वरात राहायचे, पण दिवाळीला सगळे आमच्याकडे. कारण अक्का आमच्याकडे, आणि न्हाणीतला हंडा आमच्याकडे.

इथं नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरायचा सण असतो. तांब्याचा हंडा चिंचेनं घासून लखलखीत करायचा, त्यावर चुन्याचे पट्टे ओढायचे, हळदकुंकू लावायचं, गळ्यात कारिटाची वेल बांधायची आणि काठोकाठ पाणी भरून पूजा करायची. पहाटे घरातली थोरली बाई एकेकाला पाटावर बसवून अंगाला कोमट एरंडेल चोळते आणि तांब्यानं डोक्यावर पाणी घालते. आमच्याकडे हे काम चाळीस वर्षं अक्कांचं. पहिल्या तांब्यानं माणूस जागा व्हायचा, दुसऱ्यानं घाबरायचा, आणि तिसऱ्यानंतर वर्षभरात काय काय लपवलं ते आपणहून सांगायला लागायचा. माझ्या दिरांनी पहिली नोकरी सोडल्याचं घरात असंच कळलं.

तर हा हंडा मी घराबाहेर काढला. म्हणजे नुसता हंडा नाही, चूल, धूर, काळ्या भिंती, सगळंच. दोन वर्षं अक्कांच्या मागं लागून मी न्हाणी नवी करून घेतली. फिकट हिरव्या टाइल्स लावल्या, प्रत्येक चौथ्या टाइलवर एक मासा. वर गीझर. आणि भिंतीत अर्धा रुतलेला चकचकीत मिक्सर: डावीकडे गरम, उजवीकडे गार आणि मध्ये एक कळ. कळ खाली केली की पाणी नळातून बादलीत, वर केली की डोक्यावरच्या शॉवरमधून. खोक्यातल्या कागदावर तिचं डायव्हर्टर असं भारदस्त नाव होतं. आमच्यात ती मधली कळ. हंडा मल्लेश्वरला गेला. जाऊबाईंनी तो असा मिरवत नेला, जणू लढाईत जिंकला होता.

नव्या न्हाणीतल्या पहिल्या दिवाळीला प्रश्न पडला की हंडा नाही तर पूजा कशाची करायची. अक्का दारात उभ्या राहून त्या माशांकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पाहून मी पुढं झाले. पितळी घंगाळ नळाखाली ठेवलं, गीझरला कारिटाची वेल बांधली, आणि मिक्सरवर चुन्याचे पट्टे ओढले. दोन्ही बाजूंच्या नळांना तीन तीन. मधल्या कळीला तर इतका चुना लावला की ती दिसेनाशी झाली. वरून हळद, वरून कुंकू. अक्कांनी डोळे पुसले. पहाटे नळातून बादल्या भरून त्यांनी चौदा जणांना न्हाऊ घातलं आणि नवी न्हाणी आमच्या घरात रुळली. मी वर्षभर ताठ मानेनं वावरले.

पुढच्या दिवाळीच्या आठ दिवस आधी कळ अडकली.

तशी ती महिनोन् महिने जड होत चालली होती. पण बोअरच्या पाण्यानं बंगळुरात सगळंच जड होतं. कावेरीचं पाणी एक दिवसाआड यायचं, उरलेल्या दिवशी बोअर, आणि ते पाणी असं की पातेल्यात रात्रभर ठेवलं तर सकाळी सुरीनं कापून वाढता येईल. आमच्या ह्यांना बँकेच्या कामानं परगावी जाऊन हॉटेलात शॉवरची चटक लागली होती. त्यांनी एका सकाळी दोन्ही हातांनी जोर लावून कळ वर केली, गाणं म्हणत अंघोळ केली, आणि ती कळ वरच राहिली. नळातून थेंब नाही. जो जाईल त्याच्या डोक्यावर पाऊस. पाय धुवायला गेलेला माणूस न्हाऊन बाहेर यायचा. शेजारच्या काकू दळण ठेवून हात धुवायला म्हणून गेल्या आणि नव्या इरकलीसकट भिजून आल्या. तीन दिवसांत आमच्या घराइतकं स्वच्छ घर अख्ख्या दक्षिण बंगळुरात नव्हतं.

ह्यांनी पक्कड लावली. पक्कड वाकली. मी मान्य करते की पक्कड मुळातच वाकडी होती, पण त्या दिवशी आणखी वाकली. मग प्लंबर आला. त्यानं कळीकडे पाहिलं, माझ्या माशांकडे पाहिलं, आणि डॉक्टर नातेवाईकांशी बोलतात त्या आवाजात सांगितलं की भिंत फोडावी लागेल, मिक्सर नवा बसवावा लागेल, आणि हे सगळं सणानंतर, कारण सणाआधी त्याला सवड नाही. त्या हिरव्या टाइल्स दुकानात मिळेनाशा झाल्या होत्या. माझ्या माशांच्या ओळीत उद्या भलत्याच रंगाचं ठिगळ येणार होतं. तरी ते दुःख मी गिळलं असतं. खरं संकट अक्कांच्या तोंडून आलं.

मी म्हटलं, शॉवरखाली बादली ठेवून भरू. अक्का पाटावर बसून वाती वळत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं,

"चाळणीतून पडलेलं पाणी मी माझ्या पोरांच्या डोक्यावर घालायची नाही गे."

गॅसवर तापवू म्हटलं तर चौदा माणसांचं पाणी, आणि तेही स्वयंपाकघरातून उचलून आणलेलं, न्हाणीत न भरलेलं. ते त्यांच्या हिशेबी पाणीच नव्हतं. त्यात मल्लेश्वरहून जाऊबाईंचा फोन. आवाजात अशी साखर की टेलिफोनला मुंग्या लागाव्यात.

"वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? अक्कांना इकडं पाठवा. आमच्याकडं हंडा आहे ना."

अक्कांनी बेत ठरवून टाकला. सणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता दीर गाडी घेऊन येतील, तोवर नळाला पाणी आलं तर ठीक, नाहीतर त्या मल्लेश्वरला जातील आणि दिवाळी तिकडं होईल. बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं जास्तच लागलं. मला स्वच्छ दिसत होतं: एकदा दिवाळी तिकडं गेली की परत यायची नाही. पुढच्या वर्षी हंड्याच्या ओढीनं जाईल, त्याच्या पुढच्या वर्षी सवयीनं. आणि चाळीस वर्षांची रीत मोडणारी म्हणून माझंच नाव घेतलं जाईल, माशांसकट.

सणाच्या आदल्या, म्हणजे पाणी भरायच्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी पदर खोचला. मला यातलं काय कळत होतं? माहेरी पंपाच्या स्टोव्हचे वॉशर मी बदलत असे, कुकरच्या शिट्ट्या उघडून साफ करत असे, एवढं शिक्षण. पण वॉशर हा सगळीकडे वॉशरच असतो आणि आटा तोच आटा. गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व बंद केला, गीझरचं बटण बंद केलं, नळ उघडून उरलेलं पाणी सोडलं. शेजारच्या काकूंच्या मुलाचं मोटारींचं गॅरेज होतं, तिथून पाना मागवला. तो इतका मोठा आला की त्यानं विधानसौधेचा घुमट फिरवता आला असता. त्याला कापड गुंडाळलं, म्हणजे चकाकीवर ओरखडा नको. आमचे हे दाराबाहेर उभे राहून दर पाच मिनिटांनी विचारत होते की प्लंबरला पुन्हा एकदा बोलावून बघू का.

कळीचं टोपण काढलं, आतला स्क्रू काढला, दोन्ही हातांनी धरून कळीची मूठ ओढली. ती निघाली, आणि मी आधी न्हाणीचं दार आतून लावून घेतलं.

मुठीखाली चुना होता. बोअरच्या पाण्याचा पांढुरका थर मी ओळखते, तो हा नव्हता. हा आमच्या डब्यातला चुना होता, घट्ट, दगड झालेला, आणि त्यात हळदीची पिवळी रेघ आणि कुंकवाचा लाल ठिपका अजून शाबूत होता. गेल्या वर्षी मी इतक्या भक्तिभावानं थापला, तो ओला असताना मुठीखालून आत उतरला आणि आतल्या पितळी दांड्याभोवती बसला. वर्षभर बोअरचं पाणी त्याला खतपाणी घालत राहिलं. म्हणजे प्लंबर निर्दोष, आमचे हे निर्दोष, कंपनी निर्दोष. यंदाचा सण ज्यामुळं हातचा चालला होता, तो गेल्या वर्षीचा माझ्याच हातचा सण होता.

बाहेरून ह्यांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, बोअरचं पाणी.

मग झटापट सुरू झाली. पान्यानं बाहेरची नट फिरली, पण दांडा हलेना. स्क्रूड्रायव्हरनं टोकरलं, वरचे पोपडे निघाले, आतला चुना ढिम्म. हातोडीचा एक ठोका दिला तर एक मासा थरथरला, म्हणून हातोडी बाजूला ठेवली. साडेतीन वाजले. अक्कांच्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज आला. त्या पिशवी भरत होत्या.

मी घाम पुसत मागच्या अंगणात आले. तिथं सकाळी मी स्वतःच पूजेची तांब्याची भांडी घासायला चिंच भिजत घातली होती, आणि कळीच्या नादात विसरले होते. काहीतरी हातून पुरं व्हावं म्हणून अक्कांचा न्हाऊ घालायचा तांब्या उचलला. त्याच्या काठाला आतून वर्षाचा पांढरा थर बसला होता. चिंच आणि मीठ घेऊन बोट फिरवलं, थर फेसाळला आणि निघून गेला. मी तांब्याकडे बघितलं. तांब्यानं माझ्याकडे बघितलं. पुढच्या क्षणी मी चिंचेचं अख्खं भांडं घेऊन न्हाणीत होते.

चिंचेचा कोळ, मूठभर मीठ, घरातली सगळी लिंबं. लिंबं सात होती. मी सांगताना वीस सांगते, पण इथं लिहिते आहे म्हणून सात. जुन्या धोतराची चिंधी त्यात भिजवून दांड्याभोवती पोटीस बांधलं, जसं गळवाला बांधतात. वरून चमच्यानं कोळ सोडत राहिले. चुन्यातून बारीक बुडबुडे यायला लागले, चुरचुर असा आवाज. त्या आवाजासारखं संगीत मी नंतर कुठल्याही सभेत ऐकलं नाही. पंधरा मिनिटांनी चिंधी बदलली, पुन्हा बांधलं. चार वाजून गेल्यावर पक्कड लावून हळूच फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. दांड्यानं कर्र केलं आणि एखादा हट्टी म्हातारा बाकावरून सरकावा तसा तो केसभर सरकला. मग आणखी केसभर. मग अख्खा माझ्या हातात आला, काळा, पिवळा, तोंडाला फेस आलेला.

त्याच्या गळ्यातलं रबर पार चिरलं होतं. तो दांडा रुमालात गुंडाळून मी चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात धावले. दुकानदार कन्नडमध्ये म्हणाला, असल्या वस्तू बायकांना कळत नाहीत, यजमानांना पाठवा. मी सांगितलं की यजमान आत्ता घरी दाराबाहेर उभे राहून देवाचं नाव घेत आहेत, तेव्हा वॉशर मलाच दाखवा. त्यानं डबा पुढं केला. मी एकेक वॉशर दांड्यावर चढवून, ओढून, वाकवून बघितला, जशी बांगडी बघतात. अकरावा बसला. दुकानदार हसला, "सरी अम्मा," म्हणजे बरोबर आहे बाई, असं म्हणाला आणि तसलाच आणखी एक कागदात बांधून हातावर ठेवला. माझ्या कारागिरीला मिळालेला तो पहिला मान.

घरी आले तर फाटकात दिरांची गाडी. पाचला दहा मिनिटं कमी, हा माणूस जन्मात कधी वेळेआधी कुठं पोहोचला नव्हता. अक्का पिशवी घेऊन सोप्यावर बसल्या होत्या. मी म्हटलं, दहा मिनिटं. दीर म्हणाले, वाहतूक वाढेल. अक्का म्हणाल्या, स्वल्प थांब.

आत दांडा पुसून घेतला, वॉशर चढवला. आता त्याला काहीतरी ओशट हवं होतं, पुन्हा अडकायला नको. समोर अभ्यंगासाठी काढलेली एरंडेलाची बाटली. स्टोव्हच्या वॉशरला मी तेच लावायचे. दांड्याला वरपासून खालपर्यंत एरंडेल चोळलं, अगदी अक्का चोळतात तसं, मानेमागं, कानामागं. त्या दिवाळीचं पहिलं अभ्यंगस्नान त्या पितळी दांड्याचं झालं, याला मी साक्षी आहे. मग तो आत सारला, नट आवळली, स्क्रू बसवला, मूठ चढवली. ह्यांना गच्चीवर पिटाळलं व्हॉल्व उघडायला.

वळून पाहते तर अक्का दारात उभ्या. हातात पिशवी होती. मागं दीर. खाली चिंचेचं भांडं, त्यात तरंगणारे पिवळे लाल पोपडे. मी ते पायानं मागं सारलं.

कळ धरली. ती बोटानं फिरली. खरंच एका बोटानं, करंगळीनं म्हटलं तरी चालेल. कळ खाली केली आणि गार पाण्याचा नळ उघडला. नळ खोकला, थुंकला, भिंतीतून गुरगुरला. दोन क्षण काहीच नाही. मी डोळे मिटून डोक्यावर पाऊस पडायची वाट बघत उभी. आणि मग खाली घंगाळात पाणी पडल्याचा आवाज आला, एक धार, जाड, सरळ.

अक्कांनी पिशवी दिरांच्या हातात दिली.

"ही माझ्या खोलीत ठेव. आणि घरी फोन कर, सगळ्यांना घेऊन ये म्हणावं. येताना हंडा आणू नका, इथं जागा नाही."

दिरांनी विचारलं, झालं काय होतं वहिनी? मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाल्या, बोअरचं पाणी रे, दुसरं काय. आणि खाली वाकून चिंचेचं ते भांडं स्वतः उचललं, मागच्या अंगणात नेलं आणि कुणी बघायच्या आत केळीच्या बुंध्याशी ओतून टाकलं. म्हातारीला गुडघे दुखत असताना एवढी तत्परता कशाला, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी कळ वरखाली करून दाखवण्यात गुंग होते.

पहाटे न्हाणीत चौदाच्या चौदा माणसं. जाऊबाई पाटाजवळ उभ्या राहून नळाकडे असं बघत होत्या की तो आता तरी बिघडावा. आमच्याकडे आधी पुरुष न्हातात, मग मुलं, मग लेकीसुना. अक्कांनी ह्यांना बाजूला केलं आणि पाटाकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, बस. चाळीस वर्षांत पहिल्या तांब्याचा मान सुनेला कधी मिळाला नव्हता. मी बसले. त्यांचा तो खरखरीत हात, कोमट एरंडेल, वरून घंगाळातलं पाणी. पहिला तांब्या, दुसरा, तिसरा. तिसऱ्या तांब्याला कबुली माझ्या अगदी ओठांवर आली होती, पण मी दात आवळून गप्प बसले. आमच्या घरात तिसऱ्या तांब्याला न बोललेली मी एकटीच, असा माझा समज होता, आणि त्याचाही मला अभिमान होता.

प्लंबरला कळल्यावर तो कळ बघायला आला. मी त्याला चहा दिला आणि माझे मासे मोजून दाखवले. पुढं गल्लीत कुणाचा शॉवर अडला की मला बोलावणं यायचं. मी पान्यासकट जायची. दहा तरी सोडवले असतील. बरं, तीन.

पुढच्या वर्षी पाणी भरायच्या संध्याकाळी मी पूजेचं ताट घेऊन न्हाणीत शिरले. अक्का आधीच येऊन बसल्या होत्या. घंगाळाला वेल बांधून झाली होती. मी चुन्याच्या डबीकडे हात नेला, तर डबी त्यांच्या मांडीत. त्यांनी झाकण उघडलं, विड्याच्या पानाच्या टोकावर हरभऱ्याच्या डाळीएवढा चुना घेतला आणि पान माझ्या हातात दिलं.

"स्वल्प," त्या म्हणाल्या. "आणि कळीला नको, नळाच्या तोंडाला लाव."